कुंदाताईंच्या दुकानातून वापस काही येत नसे

कुंदाताई धकाते यांच्या दुकानात गेलेल्या माणसाला कॉम्प्युटरच्या आधी स्टूल दिसायचं. त्यावर बसायचं आणि विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. घरी कोण कोण आहे, मशीनवर काम कोणतं करणार, ती ठेवणार कुठे, आणि घरात सगळ्यात भित्रं माणूस कोण. या शेवटच्या प्रश्नाला नवरेमंडळी हमखास बायकोकडे बोट दाखवत. मग ताई त्या नवऱ्याकडे चष्म्याच्या वरून पाहत आणि म्हणत, "दोन्ही हातानं स्टूल धरून बसले तुम्ही, अन् भित्री त्या?"

माणूस हसला की सौदा अर्धा झाला असं समजावं. नाही हसला तर ताई त्याला थंड पाणी देत आणि खुशाल दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगत. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडण्याची इतकी हौस असलेला दुकानदार मी पुन्हा पाहिला नाही, आणि नागपूरच्या मनीषनगरात मी अर्धं आयुष्य दुकान चालवलं आहे. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं. ताईंचा गाळा माझ्या गाळ्याला लागून. मधली भिंत म्हणून जी काही होती ती प्लायवूडची, त्यामुळे तिकडचा शब्द न् शब्द इकडे येई. नाही आला तर मी झेरॉक्सचं मशीन बंद करून ऐकत असे.

ताई ठेंगण्या, गोल, आणि चालायला लागल्या की समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं अशा. अंबाड्यात कायम एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला. नात्यातल्या एका लग्नातही त्या तसाच खोचून गेल्या होत्या. मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावर मंडपातला माइक बंद पडला तेव्हा सगळं वऱ्हाड अक्षता धरून त्यांच्या डोक्याकडे पाहायला लागलं. ताईंनी माइक उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि भटजींना म्हणाल्या, "चालू द्या."

कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच्या आत जी मूळ व्यवस्था जागी होते आणि जिच्यावर बाकी सगळं चालतं, ती बहुतेक लोकांना विंडोज या एकाच नावाने ठाऊक असते. ताईंच्या प्रत्येक मशीनवर लिनक्स आधीच बसवलेलं असायचं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं. कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, शेजाऱ्याला द्यावं. परवाना विकत घ्यायची भानगड नाही. इतकं सरळ प्रकरण लोकांच्या गळी सहज उतरायला हवं होतं. पण फुकट म्हटलं की आपला माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपतो.

सुरुवातीच्या दिवसांत ताई मोठ्या हौसेने "हे फुकट आहे" असं सांगत. एक गृहस्थ ते ऐकून स्टुलावरून अर्धवट उठलेच.

"फुकट काहून? चोरीचं आहे काय?"

"नाही जी. हेच तं चोरीचं नाही."

"मंग माह्या भाच्यानं विंडोज टाकून देल्लं, ते?"

"त्याचे पैसे भरले काय कंपनीले?"

"पैसे कायचे? भाचा आहे माहा."

"मंग ते चोरीचं."

गृहस्थ स्टुलावरून पुरते उठले. "पण ते तं चांगलं चालते," असं म्हणून ते निघून गेले. ताईंनी प्लायवूडवर टकटक केली आणि विचारलं, "ऐकलं ना भाऊ?" मी ऐकलंच होतं. त्या दिवसापासून दुकानात फुकट हा शब्द बंद झाला. "कुकरसंगं शिट्टी येते ना, तसं हे मशीनसंगं येते," असं त्या सांगू लागल्या, आणि शिट्टीबद्दल मात्र कोणी कधी शंका घेतली नाही.

दुकानाच्या काचेवर पेंग्विनचं चित्र होतं, लिनक्सची खूण म्हणून. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे बदक कशाचं. ताईंनी पहिल्या उन्हाळ्यात पक्ष्यांची माहिती दिली. पुढे सोडून दिली. "बर्फातला जीव आहे तो. नागपूरच्या मे महिन्यात काचेवर टिकून आहे म्हणजे मशीन कशी असन, तुम्हीच समजा," एवढंच म्हणायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, तेही सांगतो. आधी त्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या. तिथल्या सगळ्या मशीन्सवर विंडोजच्या चोरीच्या प्रती. तपासणीला कोणी येणार अशी कुणकुण लागली की मालक अर्धं शटर ओढायचा, आणि ताईंनी पोरांना मागच्या दाराने बाहेर काढायचं. असं एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा ताई पोरांबरोबर मागच्या दाराने बाहेर पडल्या त्या परत आतच गेल्या नाहीत. "मले समजेना भाऊ, मी शिकवून राहिली का दारू विकून राहिली," त्या मला सांगत होत्या. हे सांगतानाही त्या हसत होत्या, पण स्क्रूड्रायव्हर अंबाड्यातून काढून पुन्हा खोचला, म्हणजे राग अजून जुना झाला नव्हता.

आता गाळ्याची गोष्ट. गाळा ताईंचा नव्हता, त्यांच्या सासऱ्यांचा होता. आबाजी मूळचे उमरेडचे विणकर. माग सुटून जमाना लोटला, तरी विचार करताना त्यांचे पाय खाली-वर व्हायचे, मागाची पावडी दाबल्यासारखे. त्यांनी गाळा बांधला तो तर्री-पोह्यांचं दुकान काढण्यासाठी. पोहे, वर चण्याचा लाल झणझणीत रस्सा, आणि सकाळी रांग. माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी निर्लज्जपणे पोह्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. झेरॉक्सवाल्याला शेजार असावा तर पोह्यांचा.

क्लास सुटल्यावर ताई एके दिवशी आबाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. आबाजी माझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते, म्हणून मी साक्षीदार.

"मामाजी, मले गाळा पायजे," ताई म्हणाल्या. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजीच म्हणते.

"काय विकशीन?"

"कॉम्प्युटर. लिनक्सवाले."

"लोक ठेवून घेतीन काय ते?"

"घेतीन ना. काहून नाही घेतीन?"

आबाजींचे पाय खाली-वर व्हायला लागले. "हे पाय बाई. माह्या मागावरचं लुगडं व्यापाऱ्याकडून कधी वापस आलं नाही. वापस आलं म्हणजे विणणाऱ्याचं नाक गेलं. तुह्या दुकानातून गेलेली मशीनही अशीच नांदली पायजे. एक जरी वापस आली, तं गाळा खाली करजो. मंग मी पोहे टाकतो."

"एक जरी आली तं चावी मीच आणून देईन," ताई म्हणाल्या. "पण तोवर पोह्याचं नाव घ्याचं नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आबाजींची खुर्ची माझ्या दारातून सरकून दोन गाळ्यांच्या बरोबर मध्ये आली. कोणती मशीन जाते आणि कोणती येते, यावर त्यांचा पहारा. घरी सासरे-सून एका ताटाला बसल्यासारखे गुण्यागोविंदाने राहायचे, दुकानाच्या पायरीवर मात्र प्रतिपक्ष. ताईंचे यजमान सरकारी नोकरीत. त्यांना कोणी या भांडणात ओढायला गेलं की ते पेपर डोळ्यांसमोर धरत, तो उलटा असला तरी.

एक जरी वापस आली तर दुकान जाणार, म्हणून ताईंनी एक रीतच पाडली. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशा त्या प्रत्येक मशीनबरोबर जात. ऑटोत मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, पायाशी कीबोर्ड, आणि चेहऱ्यावर मुलीकडच्यांचा भाव. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सगळं जोडून द्यायच्या आणि मग बैठक मारायच्या. घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाने स्वतःच्या हाताने मशीन चालू करायची, स्वतःचं एक काम करायचं आणि बंद करायची. तोवर ताई उठत नसत. चहा आला तर चहा, जेवणाची वेळ झाली तर जेवण. कितीतरी घरांतून त्या भाजीची कृती घेऊन परतायच्या आणि प्लायवूडपलीकडून ती मला सांगायच्या.

बेसा वस्तीतल्या एका घरात भित्रं माणूस निघालं ते निवृत्त फौजदार. मिशा अशा की ऑटोवाल्याने भाडं मागितलं नाही. चालू करणं जमलं, नातवाचा फोटो उघडणं जमलं, पण बंद करायची वेळ आली की हात मागे. चहा झाला, टीव्हीवरची मालिका झाली, घरच्यांनी पानं घेतली.

"साहेब, जिंदगीभर चोर धरले तुम्ही. हे तं नुसतं बटन आहे," ताई म्हणाल्या.

"चोर कधी विचारत नव्हता ताई, पळू का म्हणून," फौजदार म्हणाले. "हे विचारून राहिलं, खरंच बंद करू काय. काय सांगाव याले?"

"हो म्हणून सांगा."

"अन् मागाहून चालूच नाही झालं तं?"

"तं मी इथंच बसली आहो."

फौजदारांनी डोळे मिटून बटण दाबलं. मशीन बंद झाली. मग चालू केली. मग बंद केली. त्या आनंदात त्यांनी ते इतक्या वेळा केलं की शेवटी त्यांच्या बायकोने प्लगच काढून ठेवला. पुढे कित्येक गिऱ्हाइकं या फौजदारांनी हाताला धरून आणली, आणि आणलेल्या माणसाची पळून जायची हिंमत होत नसे.

धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या काउंटरसाठी मशीन घेतली तेव्हाचा प्रकार वेगळा. तिथली भित्री म्हणजे काउंटरवरची मुलगी. ती शिकत होती तोवर ताई शेजारी बसल्या. आता धंतोलीच्या दवाखान्यात गर्दी कशी, तर वणी, गडचिरोली, पुसद, जिथून म्हणून एसटी सुटते तिथून आलेली. काउंटरमागे चष्मा लावून, डोक्यात हत्यार खोचून बसलेली बाई पाहिल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजलं. एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं गुडघेदुखीचं सगळं पुराण ताईंना ऐकवलं. ताईंनीही मन लावून ऐकलं आणि "डॉक्टरले असंच सांगजा, काही सोडू नका" असं बजावलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले ते म्हणाले, आज पेशंट इतकं नेमकं कसं बोलत होते? मुलगी तोवर धडाधड नावं टाइप करत होती. ताई पदर खोचून उठल्या. म्हाताऱ्या बाई दारात थांबल्या होत्या, त्यांनी जाता जाता ताईंच्या हातात मूठभर बोरं ठेवली. अर्धी मला मिळाली.

अशा तऱ्हेने दुकान चालत राहिलं आणि वापस काही येईना. आबाजी अस्वस्थ झाले. पोह्यांची कढई त्यांनी घरी आणून ठेवली होती, तीत आता ताई पापड ठेवायला लागल्या होत्या. म्हणून त्यांनी कट केला. कट करायला ते माझ्याच दारात बसले, मी ऐकू नये अशी त्यांची इच्छा असावी असं मला वाटत नाही.

उमरेडचे गुलाबराव हे त्यांचे लहानपणचे मित्र. आबाजींनी त्यांना पढवलं, मशीन घ्यायची, आठवडाभर ठेवायची, आणि जमत नाही म्हणून आणून द्यायची. गुलाबराव ठरल्याप्रमाणे आले आणि स्टुलावर बसले. ताईंनी ओळख दाखवली नाही. घरी कोण, काम काय, सगळं विचारलं. शेवटी भित्रं कोण म्हटल्यावर गुलाबराव पढवलेलं सगळं विसरले आणि खरं बोलले, "मीच आहो."

ताईंचा चेहरा उजळला. त्या लॅपटॉप घेऊन एसटीने त्यांच्याबरोबर उमरेडला गेल्या, आणि गुलाबराव बुद्धिबळ खेळतात हे कळल्यावर मशीनवरचं बुद्धिबळ उघडून देऊन आल्या.

आठवडा गेला. पंधरवडा गेला. आबाजी फोन करत, गुलाबराव उचलत नसत. शेवटी आबाजी स्वतः उमरेडला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर मलाच सांगितलं, कारण घरी सांगण्याची सोय नव्हती.

"गेलो तं हा बसला त्याच्या पुढे. मी म्हणलं, गुलाब्या, वापस कधी आणतं? तं मान वर न करता म्हणते, थांब गा आबा, माहा घोडा अडकला आहे. मी म्हणलं, अबे मशीन वापस कराची होती ना? तं म्हणते, काहून? खराब आहे काय?"

आबाजी बराच वेळ पाय हलवत राहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "प्रभाकरा, घोडा अडीच घर जाते ना गा?"

मित्र फितूर झाल्यावर आबाजींचा पहारा ढिला पडला, आणि ढिला पडता पडता त्याचं काहीतरी वेगळंच होऊन बसलं. कोणी दारात घुटमळलं की तेच सांगत, "जाय ना आत. स्टुलावर बस, सूनबाई विचारीन ते सांग." कोणी बदक म्हटलं तर खुर्चीतून दुरुस्ती करत. एकदा तर मी त्यांना एका गिऱ्हाइकाला कुकर आणि शिट्टी समजावून सांगताना ऐकलं. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझे पोहे गेले होते.

आणि मग मुजुमदार काकू आल्या.

काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, आमच्या गल्लीतल्याच, अतिशय सज्जन. त्यांनी मशीन घेतली होती नातवाला पत्र लिहायला, आणि ती उत्तम चालू होती. पुढे त्यांना पत्रिका मांडण्याचा नाद लागला. ज्यांच्याकडे त्या शिकत त्या गुरुजींचा पत्रिकेचा एक प्रोग्राम होता, तो चालायचा फक्त विंडोजवर. ताईंनी हरतऱ्हेने खटपट केली. काकूंच्या घरी जाऊन बसल्या, नाना युक्त्या केल्या, आणि एका दुपारी तो लिनक्सवर सुरूही झाला. पण त्यात काय बिघडलं कोण जाणे, जो येईल त्याच्या पत्रिकेत मंगळ निघायला लागला. काकूंनी वाड्यावस्तीतल्या तीन ठरलेल्या लग्नांत खळबळ उडवून दिली. शेवटी त्यांनी स्वतःची पत्रिका मांडली. तीतही मंगळ निघाला, आणि इतकी वर्षं धडधाकट असलेले काका आतल्या खोलीत जाऊन झोपले.

दुसरा कोणी असता तर त्याने भाच्याला बोलावून हवं ते टाकून घेतलं असतं आणि ताईंना पत्ता लागला नसता. काकूंना ते पटेना. त्यांना अटीबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्या सरळ ऑटो करून, डबा मांडीवर घेऊन, दुकानासमोर उतरल्या.

मी ते पाहिलं आणि माझं मलाच कळलं नाही मी कधी पायरी उतरलो ते. इतकी वर्षं पोह्यांची वाट पाहणारा मी, डबा धरून म्हणालो, "काकू, हे माझ्याकडे ठेवा."

"तुमच्याकडे कशाला हो?"

"झेरॉक्स काढतो."

"कशाची?"

"बिलाची," मी म्हणालो.

"बिल माझ्या पर्समध्ये आहे," काकू म्हणाल्या आणि डबा सोडवून घेऊन पुढे निघाल्या. तेवढ्यात आबाजी खुर्चीतून उठले. आता संपलं असं मला वाटलं. ज्या क्षणासाठी या माणसाने खुर्चीची वेताची पट्टी झिजवली होती तो क्षण दारात उभा होता. आबाजी काकूंच्या समोर आले आणि म्हणाले, "दुकान बंद आहे."

काकूंनी पाहिलं. शटर वर होतं, पंखा फिरत होता, काचेवर पेंग्विन होता. "अहो, उघडं तर दिसतंय."

"दिसते," आबाजी म्हणाले. "पण बंद आहे."

एका बाजूने आबाजी, दुसऱ्या बाजूने मी, मध्ये काकू आणि काकूंच्या हातात डबा. आमची तिघांची अशी फुगडी चाललेली असताना आतून ताईंचा आवाज आला, "काकू, या ना आत. उन्हात काय उभ्या आहात."

आम्ही बाजूला झालो. काकू उंबरा ओलांडून आत गेल्या आणि डबा टेबलावर ठेवला. "ताई, तुमच्या माघारी दुसरं काही टाकून घ्यायला मला बरं वाटेना. तुम्ही किती जीव लावलात. पण माझ्या कामाला हे चालत नाही हो."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "तुमचं काम बदललं. तुम्हाला दुसरंच पाहिजे." त्यांनी काकूंना पाणी दिलं, मशीनचे पैसे परत केले, परवान्यासकट विंडोज कुठे मिळेल त्या दुकानाचा पत्ता दिला, पत्रिकेत मंगळ नाही असं काकांना कळवायला सांगितलं, आणि ऑटोपर्यंत सोडून आल्या. परत येताना त्यांनी कमरेची चावी सोडवली आणि आबाजींच्या समोर धरली.

"घ्या मामाजी. टाका पोहे."

आबाजींनी हात मागे घेतले. "हे काही वापस येणं नव्हे. माहेरपणाले आली थे."

"माहेरपणाले आलेली सासरी जाते मामाजी. हे नाही जात."

"मंग मी अट मागे घेतली."

"तुमची तुम्ही घ्या. मी हो म्हणलं होतं, ते मी कसं मागे घेऊ?"

हे बोलताना ताई हसत होत्या, पण चावी पुढे धरलेलीच होती. मला तिथून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. आबाजी पायरीवर बसले. त्यांचे पाय पहिल्यांदाच अगदी स्थिर होते.

"माहं लुगडं आलं होतं वापस," ते म्हणाले.

ताईंनी चावी पायरीवर ठेवली.

"काठ चुकला होता. व्यापाऱ्यानं भर बाजारात घडी मोडून सगळ्याइले दाखवला. मी घरी आलो, चार दिवस मागावर बसलो नाही. तुह्या सासूनं काही म्हणलं नाही. तेच लुगडं धुतलं अन् नेसली." त्यांनी बोटाने पायरीवर काठाची रेघ ओढली. "चांगली दिसत होती थे त्याच्यात."

"मंग तुम्ही अट काहून घातली मामाजी?"

"भेव वाटे वं. तुह्यंही कोणी असंच चारचौघात आणून आपटीन, अन् तू घरात तोंड लपवून बसशीन. मले वाटलं, त्याच्यापेक्षा पोहे बरे. पोहे कोणी वापस आणत नाही."

ताई खाली त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. "म्हणजे तुम्ही तं अगोदरच हरले होते," त्या म्हणाल्या. "हरलो ना," आबाजी म्हणाले, आणि तेही हसायला लागले. माझे डोळे भरून आले होते, ते मी इथे सांगून टाकतो. तेव्हा मात्र मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये शाई भरत असल्याचं दाखवलं. त्या संध्याकाळी चावी कोणीच उचलली नाही. ती पायरीवर पडून राहिली, शेवटी आबाजींनी ती खिशात टाकली आणि दोघं एकाच ऑटोने घरी गेले.

त्यानंतर लवकरच मी गाळा विकला आणि बेसाला मुलाकडे राहायला आलो. ताईंची आणि माझी भेट आता लग्नकार्यातच, गर्दीत, हात हलवण्यापुरती. पण मला त्या दिसतात त्या चावीच्या संध्याकाळनंतरच्या सकाळच्या.

मी दुकान उघडायला आलो तेव्हा शेजारचं शटर वर झालेलं होतं. उघडलं होतं आबाजींनी. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते आत गिऱ्हाइकाच्या जागी बसले होते. ताई मागून आल्या, त्यांना पाहून उंबऱ्यातच थबकल्या, आणि मग टेबलामागे जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.

"मले एक मशीन पायजे," आबाजी म्हणाले.

"कोणती दाखवू?"

आबाजींनी काकूंच्या डब्याकडे बोट केलं. "तेच."

"नवी आहे ना दुसरी, मामाजी."

"तेच दे."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काम कोणतं करान तिच्यावर?"

"गुलाब्याले हरवाचं आहे."

ताईंनी मान हलवली. काम योग्य होतं. त्यांनी डबा जवळ ओढला, झाकण उघडलं आणि वायरी सोडवायला घेतल्या. आबाजी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. मी माझं मशीन बंद केलं.

"अन् सूनबाई, मले नाही जमलं तं?"

"तं वापस आणजा मामाजी," ताई म्हणाल्या. "मी इथंच आहो."